सीटी स्कॅन नॉर्मल, तरी डोकं का दुखतं?

पांदण रस्त्यावर मोटरसायकल घसरते, डोकं आपटतं, काही वेळ काहीच सुचत नाही. सीटी स्कॅन 'नॉर्मल' येतो. पण महिना उलटला तरी डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मग घरचेच म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, आता काय झालं? त्या माणसाचं दुखणं खरं असतं, हे आधी घरच्यांनी मानायला हवं.

सीटीत रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. मुक्या मारातला बिघाड त्याहून सूक्ष्म असतो. हादऱ्याने चेतातंतू ताणले जातात, पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी परत बसवायला पेशींना जास्त ग्लुकोज लागतं, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. बहुतेकांचं महिनाभरात सावरतं, काहींचं लांबतं.

लांबलेल्या डोकेदुखीत पुष्कळदा मानेचाही वाटा असतो. झटका तिलाही बसलेला असतो आणि तिथली कळ कपाळापर्यंत येते. अशांना फिजिओथेरपीने आराम पडू शकतो. दुसरं कारण गोळ्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांवर घेतली, तर त्या गोळीनेच डोकं दुखू लागतं. किराणा दुकानातून रोज एक गोळी आणणाऱ्याला हे कुणी सांगतच नाही.

अपुऱ्या झोपेने वेदना तीव्र जाणवते आणि वेदनेने पुन्हा झोप मोडते. आपल्याकडे रब्बीत शेतपंपाची लाइन बऱ्याचदा रात्री येते, म्हणून माणूस ओलितासाठी मध्यरात्री वावरात. मार लागल्यावर काही आठवडे तरी हे काम घरातल्या दुसऱ्याने करावं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावं. संध्याकाळनंतर चहा नको, खर्राही नको. तंबाखूतलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. झोपेसाठी दारू घेतली तर पहाटेची झोप हमखास तुटते.

अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. पहिले 24 ते 48 तास आराम, मग त्रास फारसा वाढणार नाही इतपत चालणं. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडीचे झटके, हातापायातली कमजोरी, बोलण्यात अडखळणं किंवा उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.