तंबू ऊब देत नाही

नाशिकहून युरोपच्या उत्तर टोकाला, लॅपलँडला निघालेला माणूस तंबूच्या दुकानात पहिलं विचारतो, "यात ऊब राहील ना?" राहत नाही. पातळ नायलॉनच्या आत बाहेरच्यापेक्षा काही अंशच जास्त तापमान असतं. निफाडच्या थंडीत एवढं पुरतं. उणे 30 मध्ये ऊब टिकते ती स्लीपिंग बॅग आणि पाठीखालच्या मॅटमुळे. तंबूने वारा अडवायचा आणि आपल्याच अंगातली वाफ बाहेर जाऊ द्यायची.

वाऱ्याचा हिशेब फसवा असतो. वेग तिप्पट झाला की दाब नऊपट होतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे दोन किलोंचा रेटा देतो, ताशी 60 चा सतरा किलोंचा. शिवाय उणे 20 अंशांची हवा आपल्या 30 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 20 टक्के जास्त दाट असते, म्हणजे त्याच वेगाचा वारा तिथे तेवढाच जास्त ढकलतो. झाडं संपतात त्या माळावर आडोसाही नाही.

म्हणून आकार महत्त्वाचा. बोगद्यासारखा तंबू हलका, झटपट उभा राहणारा. पण त्याचं तोंड किंवा पाठ वाऱ्याकडे हवी. रात्री वारा फिरला की त्याची अख्खी कूस मार खाते. घुमटासारख्या जिओडेसिक तंबूत पोल एकमेकांना अनेकदा छेदतात, त्यामुळे वारा कुठूनही येवो, बर्फाचा भारही पडो, तो तग धरतो. वजन मात्र पाठीवर जाणवतं. मुक्काम एकाच उघड्या जागी असेल तर मी जिओडेसिकच घेईन. पोल अ‍ॅल्युमिनियमचे हवेत. फायबरग्लास कडाक्यात तडकतो.

आता वाफ. श्वास आणि त्वचेतून माणूस रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी सोडतो. 30 अंशांच्या घनमीटरभर हवेत तीस ग्रॅम वाफ मावते, उणे 20 ला जेमतेम एक. उरलेली कापडावर हिम होऊन चिकटते आणि तंबू हलला की भुरभुर अंगावर पडते. ते वितळून बॅगेतली पिसं भिजली की ती चपटी होतात, मग ऊब संपलीच. यावर इलाज म्हणजे दुहेरी कापड आणि वरची झडप, कितीही थंडी वाजली तरी उघडी.

दुकानदार कौतुकाने सांगतो तो 'इतके हजार मिलिमीटर'चा वॉटरप्रूफ आकडा, म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं ते, त्र्यंबकच्या जुलैत कामाचा. कडक हिवाळ्यात तिकडे पाऊस जवळजवळ नसतोच, कोरडा बर्फ झटकता येतो.

पुढची ओसरी मोठी असलेली बरी. स्टोव्ह तिथेच, दार उघडं ठेवून पेटवायचा. बंद तंबूत जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना वास, ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही.