एका डीव्हीडीसाठी दोन-दोन सॉफ्टवेअर का लागतात?

डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालायची, फोल्डर उघडायचा आणि आतल्या फाइली कॉम्प्युटरवर ओढून घ्यायच्या, एवढ्यावर काम भागायला हवं. विकतच्या बहुतेक डीव्हीडींच्या बाबतीत ते भागत नाही. ‘व्हिडिओ_टीएस’ या फोल्डरमध्ये जास्तीत जास्त एकेक जीबीचे तुकडे केलेल्या ‘व्हीओबी’ फाइली दिसतात. कधी त्या कॉपीही होतात, पण लावून बघितल्या की पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आणि आवाजाच्या जागी खरखर. मग सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू होते. एक म्हणतं डिस्क वाचता येत नाही. दुसरं वाचतं, पण 7 जीबीची फाइल हातात ठेवतं. तिसरं फाइल लहान करतं, पण कुलूप उघडत नाही. हा गोंधळ वापरणाऱ्याच्या अज्ञानातून आलेला नाही. त्यामागे बऱ्याच वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की निवड सोपी होते.

1996 साली डीव्हीडी प्रथम जपानमध्ये बाजारात आली, तेव्हाच चित्रपट कंपन्यांनी तिला सीएसएस नावाचं, आतला मजकूर सांकेतिक करून ठेवणारं कुलूप घातलं होतं. प्रत्येक परवानाधारक प्लेअरला स्वतःची किल्ली दिलेली, आणि डिस्कची किल्ली अशा सुमारे 400 प्लेअर-किल्ल्यांनी वेगवेगळी बंद करून डिस्कवरच एका कोपऱ्यात ठेवलेली. तो कोपरा नुसत्या फाइली कॉपी करून आपल्याकडे येत नाही. म्हणून ते हिरवे चौकोन. किल्ली मात्र अवघ्या 40 बिटांची होती. त्या काळच्या हिशेबानंही हे कुलूप तकलादू होतं.

ऑक्टोबर 1999 मध्ये ते उघडलं. नॉर्वेतला 15 वर्षांचा यॉन लेक योहानसेन आणि त्याचे दोन अनामिक साथीदार यांनी ‘डीसीएसएस’ हा छोटासा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. ‘झिंग’ कंपनीच्या प्लेअरमध्ये किल्ली नीट लपवलेली नव्हती, तिथून ती मिळाली होती. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर डीव्हीडी बघायची तर परवानाधारक प्लेअरच उपलब्ध नाही, हे योहानसेनचं म्हणणं होतं आणि ते मला आजही रास्त वाटतं. त्याच्यावर खटला झाला. नॉर्वेच्या न्यायालयानं जानेवारी 2003 मध्ये आणि अपिलात पुन्हा डिसेंबर 2003 मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघण्यासाठी कुलूप उघडणं हा तिथे गुन्हा ठरला नाही.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्यानं कुलूप तोडणारं साधन पुरवण्यावरच बंदी आणली होती. ‘2600’ या नियतकालिकाला ऑगस्ट 2000 मध्ये डीसीएसएस प्रसिद्ध करण्यास मनाई झाली. ‘डीव्हीडी एक्स कॉपी’ हे सर्वसामान्यांसाठीचं पॅकेज विकणाऱ्या 321 स्टुडिओज कंपनीविरुद्ध 2004 च्या फेब्रुवारीत निकाल गेला आणि त्याच वर्षी कंपनी बंद पडली. कुलूप उघडणं, प्रत काढणं आणि आकार कमी करणं ही तिन्ही कामं एकाच खोक्यात घालून उघडपणे विकणं अवघड होऊन बसलं. कामांची फाटाफूट झाली ती इथून. कुलपाचं काम फुकट वाटल्या जाणाऱ्या, एकट्यादुकट्या माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांकडे गेलं, आणि बाकीच्यांनी त्यापासून अंतर राखलं.

त्याच सुमाराला दुसरी अडचण होती जागेची. चित्रपटांच्या डिस्क बहुधा दोन थरांच्या, 8.5 जीबीच्या, घरी लिहिता येणारी कोरी डिस्क 4.7 जीबीची. ‘डीव्हीडी श्रिंक’ यासाठीच जन्माला आलं. ते चित्र थोडं दाबून मोठी डिस्क छोट्या डिस्कवर बसवायचं, आणि अडेल डिस्क असली तर लोक आधी ‘डीव्हीडी डिक्रिप्टर’नं तिची प्रत हार्ड डिस्कवर काढत. ही जोडी बराच काळ घराघरात चालली. 2005 मध्ये डिक्रिप्टरच्या लेखकाला कायदेशीर दबावाखाली काम थांबवावं लागलं. पुढे सोनीच्या ‘आर्कोस’सारख्या तरकीबा आल्या. त्यात डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर, म्हणजे न वाचता येणारे छोटे भाग, पेरलेले असतात. प्लेअर त्यांच्याकडे फिरकत नाही, पण सगळी डिस्क ओळीनं वाचणारा प्रोग्रॅम तिथे अडकतो. जुनं सॉफ्टवेअर एका डिस्कवर छान चालतं आणि दुसरीवर तासन्‌तास थांबून राहतं, त्याचं हे एक मोठं कारण. कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून त्याच जुन्या प्रोग्रॅमची ‘नवी आवृत्ती’ उतरवून घेऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट सोबत व्हायरस येण्याची भीती.

आज वापरात असलेल्या साधनांवर या वाटणीची छाप स्पष्ट दिसते. ‘हँडब्रेक’ 2003 मध्ये एरिक पती यांनी बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहायला घेतलं, आणि त्याची 1.0 आवृत्ती यायला 2016 चा डिसेंबर उजाडला. ते आकार कमी करण्यात पटाईत आहे, पण कुलूप उघडत नाही. ते काम व्हिडिओलॅन या प्रकल्पाची ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, करते. तिला कोणाच्या चोरलेल्या किल्लीची गरजही लागत नाही, कारण फ्रँक स्टीव्हन्सन यांनी 1999 च्या अखेरीसच दाखवून दिलं होतं की सीएसएसचं गणित इतकं कच्चं आहे की किल्ली काही सेकंदांत शोधता येते. ‘मेकएमकेव्ही’ कुलूप उघडून चित्र-आवाज जसाच्या तसा एका फाइलमध्ये भरतं, दाबत मात्र नाही.

म्हणून माझी निवड अशी: आपल्या मालकीच्या डिस्कची, आणि आपल्या देशाचा कायदा परवानगी देत असेल तर, आधी न दाबलेली पूर्ण प्रत काढून ठेवावी. लहान फाइल त्या प्रतीवरून बनवावी. पहिल्या प्रयत्नात आकार फारच कमी केला तर पुन्हा डिस्क शोधायची वेळ येत नाही, आणि तोवर डिस्कवर ओरखडे पडलेले असले तरी बिघडत नाही. घरच्या समारंभांच्या, रेकॉर्डरवर लिहिलेल्या डिस्कना बहुधा कुलूप नसतंच. तिथे हँडब्रेक एकटं पुरतं. फक्त हलत्या हातांच्या, नाचणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर हँडब्रेकमधला ‘डीइंटरलेस’ हा त्या रेघा काढणारा पर्याय चालू करून तीच फाइल पुन्हा बनवावी.