अंगणवाडी भरती: माहेरचं नाव, सासरचं नाव आणि बाद होणारे अर्ज

अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस व्हायला आधी कुठलाही ‘अंगणवाडी कोर्स’ करावा लागत नाही. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण अशा कोर्सला पैसे भरून बसलेल्या बायका दर भरतीला भेटतात. निवड झाली की प्रशिक्षण सरकारच देतं: पूरक आहार, वजन-उंची, पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी.

पात्रता सोपी आहे. महिला उमेदवार, 2023 पासून दोन्ही पदांना बारावी पास, वय 18 ते 35 (विधवांना 40 पर्यंत), हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त नकोत आणि राहणं त्याच गावात. शेजारच्या गावातली जागा कितीही जवळ असली तरी चालत नाही. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. निवड गुणांवर होते, त्यामुळे ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

खरं अडतं ते नावावर. बारावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं, आधार आणि रेशनकार्ड सासरच्या. छाननीला बसलेल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका दिसतात. त्याला तरी काय बोलायचं, मधे जोडणारा कागदच नसतो! तो कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. गावात ते ग्रामपंचायतीत मिळतं, शहरात महापालिकेत. लग्नाला पंधरा वर्षं झाली असली तरी नोंदणी होते. उशिराचं शुल्क पडेल, तीन साक्षीदार लागतील, लग्नपत्रिका सापडत नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागेल. लग्नात मुलीचं नावच बदललं असेल, म्हणजे सुनीताची संगीता झाली असेल, तर राजपत्रात नाव बदलून घ्या. जाहिरात आल्यावर धावाधाव करून हे वेळेत हाती येत नाही, म्हणून आजच सुरू करा.

जातीच्या दाखल्याचं उलट आहे. लग्नानं जात बदलत नाही, त्यामुळे दाखला वडिलांकडच्या पुराव्यावर, माहेरच्या नावानंच निघतो. नवऱ्याचा दाखला जोडून ‘आमचं एकच आहे की’ म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यावर जातीचे जादा गुण मिळत नाहीत. निपाणी, चिकोडीकडून कागल-गडहिंग्लजला दिलेल्या मुलींचं दुखणं आणखी वेगळं. कर्नाटकातला जातीचा दाखला इथं महाराष्ट्रात धरत नाहीत. घरात दोन्हीकडची माणसं एकाच पंगतीला जेवतात, पण कागदाला सीमा आहे.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. अर्जात मात्र विधवा असल्याचा पुरावा द्यावाच लागतो, तो म्हणजे पतीचा मृत्यू दाखला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला वयाची ही सवलत लागू नाही. मला हे पटत नाही, पण अर्ज भरताना माझ्या पटण्याला किंमत नाही.

2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांची कागदं भिजली, त्यांनी गुणपत्रकाची दुय्यम प्रत कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मागवावी. त्यासाठी आधी आपल्या कॉलेजात जा.

रहिवासी दाखला कुणाचा, यावरून दरवेळी गोंधळ होतो. जाहिरातीत तहसीलदार लिहिलं असेल तर सरपंचाच्या सहीचा चालणार नाही. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, ती ओळ स्वतः वाचा. अपत्यांचं प्रतिज्ञापनही जाहिरातीसोबतच्या नमुन्यातच द्या.

आता तारीख. वय कोणत्या दिवशी मोजायचं, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि तो दिवस तुम्ही अर्ज देता तोच असेल असं नाही. पोस्टानं पाठवलात तर शेवटच्या दिवसाच्या आत तो कार्यालयात पोचायला हवा, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कोणी बघत नाही. म्हणून स्वतः जा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. ‘राहू दे ताई, मिळाला’ असं सांगितलं तरी शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. तात्पुरती यादी लागल्यावर हरकत घ्यायची वेळ आली, तर हाच कागद दाखवायचा असतो.