खाण असून भागत नाही

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (मोटारींच्या चुंबकांतही लागणाऱ्या धातूंच्या कुटुंबातल्या) निर्यातीला परवान्याची अट घातली आणि काही आठवड्यांतच जगभरचे मोटार कारखाने हवालदिल झाले. तेव्हापासून नागपुरात एकच वाक्य कानावर येतं, "आपल्याकडेही साठे आहेत, खणा की!" भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथलं, मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी हाकेच्या अंतरावर, तेव्हा असं वाटणं साहजिकच. पण चीनचं खरं बळ आहे ते खनिज बाहेर काढल्यानंतरच्या रसायनशास्त्रात.

लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची ही भावंडं एकाच खनिजात गुंतलेली असतात. अणुक्रमांक वाढतो तसा नवा इलेक्ट्रॉन आतल्या ४एफ कक्षेत जातो. बाहेरची रचना तशीच राहते, त्यामुळे रासायनिक वागणूकही जवळपास सारखीच. फरक एवढाच, की केंद्रकाची ओढ वाढत गेल्याने आयन (विद्युतभारित अणू) किंचित आकसत जातो. शेजारच्या दोघांच्या त्रिज्येत फरक असतो साधारण एका पिकोमीटरचा, म्हणजे मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाचा!

एवढ्याशा फरकावर सगळा कारखाना चालतो. खनिज आम्लात विरघळवायचं आणि ते द्रावण रॉकेलसारख्या तेलात घुसळायचं. तेलात फॉस्फरसयुक्त सेंद्रिय आम्ल असतं, ते लहान आयनाला जरा जास्त घट्ट धरतं. प्रेसिओडिमियम-निओडिमियमच्या जोडीत एका घुसळणीने प्रमाण जेमतेम दीडपट बदलतं. दहा वेळा केलं तर गणिताने सुमारे अठ्ठावन्नपट. प्रत्यक्षात दोन्ही धातू शुद्ध हवेत आणि वायाही जायला नकोत, म्हणून टाक्यांच्या रांगा शेकड्यांत जातात. चीनने हे दशकानुदशकं, नुकसान आणि प्रदूषण सोसून बसवलं. आज जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण तिथेच होतं.

विजेच्या बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक असतं. मोटर तापली की त्याचं चुंबकत्व ढासळू लागतं, ते याच कुटुंबातलं डिस्प्रोशियम धरून ठेवतं.

केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत आपल्याला निओडिमियम मिळतं, सोबत किरणोत्सारी थोरियमही. डिस्प्रोशियम मात्र नावापुरतंच, ते मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या मातीतून येतं. २०१० मध्ये चीनकडून जपानचा पुरवठा अडला. मग जपानने ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला. जपानी संशोधकांनी त्याआधीच डिस्प्रोशियम चुंबकभर न मिसळता फक्त त्यातल्या कणांच्या कडांना मुरवण्याची रीत विकसित केली होती. कमी धातूत तेवढीच उष्णता सोसणारं चुंबक त्यातून मिळालं.