मेंदूचे संकेत आणि भरवशाचा जुना प्रश्न

बोलता येत नाही, हातपाय हलत नाहीत, पण बुद्धी शाबूत आहे, अशा माणसाला मेंदूतल्या संकेतांवरून लिहिता यावे यासाठी पन्नास वर्षांहून अधिक काळ खटपट चालू आहे. बातमी होते ती वेगाची. ज्याचे सगळे बोलणे त्या यंत्रावर अवलंबून असते, त्याला मात्र ते काल चालले तसे आज चालेल का, हीच काळजी असते.

माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध केला. तो संगणकाला जोडण्याची कल्पना जाक विदाल यांनी 1973 मध्ये मांडली. 1988 मध्ये फारवेल आणि डोन्चिन यांनी त्यातून अक्षरे उमटवली. पडद्यावर सहा बाय सहाचा तक्ता असतो, त्याच्या ओळी आणि रकाने एकेक करून उजळतात. हवे ते अक्षर उजळले की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. ही लहर इतकी क्षीण, की नुसती पापणी लवली तरी तिच्यात बुडून जाते. म्हणून तक्ता पुन्हापुन्हा उजळायचा आणि सरासरी काढायची. मिनिटाला जेमतेम दोन-तीन अक्षरे मिळत. चूक टाळायची तर वेळ घालवावा लागतो, ही अडचण तेव्हापासूनची.

2004 मध्ये ब्रेनगेट या अमेरिकी संशोधन प्रकल्पाच्या चाचणीत इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युत संकेत टिपणारे बारीक अग्र, थेट मेंदूत बसवले गेले. संकेत स्वच्छ झाले, पण नवे दुखणे सुरू झाले. इलेक्ट्रोड किंचित सरकतो, भोवती व्रण धरतो, काल टिपलेली पेशी आज सापडत नाही. मग दिलेली वाक्ये मनात गिरवून यंत्र पुन्हा जुळवायचे. थकलेल्या रुग्णाला हे किती जड जात असेल!

2021 मध्ये रुग्णाने हाताने लिहीत असल्याची नुसती कल्पना करून मिनिटाला 90 अक्षरे मिळाली, त्याचा गाजावाजा झाला. मला 2023 चे काम अधिक मोलाचे वाटते. त्यात भाषेच्या मॉडेलने, म्हणजे कोणते शब्द एकापुढे एक येतात हे शिकलेल्या संगणक-प्रणालीने, सुधारलेले वाक्यच बरोबर उत्तर मानून यंत्र वापरता वापरता स्वतःला जुळवून घेते. वेगळा सराव न करता ते वर्षभराहून अधिक काळ टिकले.

तरी सगळे यंत्राच्या हाती नाही. नेदरलँड्समध्ये एएलएस, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा मज्जासंस्थेचा आजार, झालेल्या एका महिलेने मेंदूच्या संकेतांवर चालणारे उपकरण घरी सुमारे सात वर्षे वापरले. पुढे आजाराने मेंदूच झिजत गेला, संकेत क्षीण झाले आणि वापर थांबला.