ट्रेलर ओढणाऱ्या पिकअप ट्रकचा इंधनवापर

मोठा ट्रेलर जोडलेला पिकअप ट्रक ठरावीक अंतर कापण्यासाठी किती इंधन जाळतो, हा मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा या देशांतील वाहनांशी निगडित विषय आहे. महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की भाजीपाला किंवा दुधाचे कॅन वाहणारी छोटी मालगाडी डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेले वाहन तिच्याहून बरेच मोठे असते : पाच माणसांची बंद केबिन, मागे उघडा हौदा, अडीच ते सात लिटरांच्या आसपासचे इंजिन आणि अडीच टनांच्या घरातले स्वतःचे वजन. अशा ट्रकमागे चाकांवरचे घर म्हणावे असा ट्रॅव्हल ट्रेलर, बोट, घोडे नेण्याचा ट्रेलर किंवा यंत्रे लादलेला सपाट ट्रेलर जोडून शेकडो किलोमीटर जाणे तेथे नित्याचे आहे. मराठी बोलण्यात ज्याला गाडीचे ‘ॲव्हरेज’ म्हणतात ते तेथे मैल प्रति गॅलन या मापात सांगितले जाते. १ मैल प्रति गॅलन म्हणजे सुमारे ०.४२५ किलोमीटर प्रति लिटर.

रिकामा असताना महामार्गावर लिटरला साडेआठ–नऊ किलोमीटर देणारा पेट्रोल पिकअप उंच ट्रेलर जोडताच चार किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे ॲव्हरेज निम्म्यावर किंवा त्याहून खाली उतरते. नवख्या मालकाचा पहिला संशय ट्रेलरच्या वजनावर जातो, आणि तो बऱ्याच अंशी चुकीचा असतो. सपाट महामार्गावर इंधन खाणारी मुख्य गोष्ट वजन नसून ट्रेलरचे उभे तोंड आणि त्याच्यावर आदळणारी हवा ही असते.

हे एका ढोबळ हिशेबाने दाखवता येते. ट्रक २,५०० किलोचा, ट्रेलर ३,२०० किलोचा आणि वेग ताशी १०० किलोमीटर धरू. टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध वजनाच्या साधारण एक टक्का असतो. त्यानुसार ट्रकला २४५ न्यूटन आणि ट्रेलरला ३१४ न्यूटन बळ लागते. हवेचा विरोध समोरचे क्षेत्रफळ, आकाराचा गुणांक, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. एकट्या ट्रकसाठी क्षेत्रफळ आणि गुणांक यांचा गुणाकार १.३५ चौरस मीटर धरला तर हा विरोध सुमारे ६२५ न्यूटन भरतो. पण अडीच मीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वातीन मीटर उंच असलेला ट्रेलर केबिनच्या वर आणि दोन्ही बाजूंना डोके काढून उभा असतो. जोडीसाठी तोच गुणाकार ३.५ चौरस मीटर धरल्यास हवेचा विरोध १,६२० न्यूटनवर जातो. म्हणजे एकूण विरोध ८७० वरून सुमारे २,१८० न्यूटन झाला, आणि या १,३१० न्यूटनच्या वाढीत हवेचा वाटा जवळजवळ १,००० न्यूटनचा, तर वजनाचा उरलेला जेमतेम ३०० चा आहे. पेट्रोलच्या एका लिटरमधील ३२ मेगाज्यूल ऊर्जेपैकी रिकाम्या ट्रकच्या चाकांपर्यंत २४ टक्के आणि भार ओढताना २८ टक्के पोहोचते असे मानले, तर ॲव्हरेज अनुक्रमे ८.८ आणि ४.१ किलोमीटर प्रति लिटर येते. गृहीतके थोडी इकडेतिकडे केली तरी चित्र फारसे बदलत नाही.

वजनाचा हा दुय्यम वाटा पटायला १९४७ मधले एक जाहिरातीचे छायाचित्र उपयोगी पडते. ॲल्युमिनियमच्या गोलसर ट्रेलरांसाठी प्रसिद्ध असलेल्या एअरस्ट्रीम कंपनीने आल्फ्रेड लेतूर्नेर या फ्रेंच सायकलपटूला आपला ट्रेलर चक्क सायकलने ओढायला लावले होते. यात हातचलाखी काही नाही. एक टन वजनाचा ट्रेलर गुळगुळीत सपाट रस्त्यावर सावकाश हलता ठेवायला साधारण १०० न्यूटन, म्हणजे दहा किलोची पिशवी उचलून धरायला लागते तेवढेच बळ पुरते. याच लेतूर्नेरने १७ मे १९४१ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळ मोटारीच्या मागे लावलेल्या आडोशात राहून सायकलवर ताशी १७५ किलोमीटरचा वेग गाठला होता. हवा आडवी आली नाही तर माणसाच्या पायांत किती जोर आहे हे त्या दिवशी दिसले. ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनाची अडचण नेमकी उलटी असते.

आकाराचा प्रश्न अमेरिकेत गांभीर्याने तपासला गेला तोही एका सायकलस्वारामुळे. कॅलिफोर्नियातील नासाच्या ड्रायडन केंद्रातले अभियंता एडविन सॉल्ट्झमन सायकलने कामावर जात, तेव्हा शेजारून जाणारे मोठे ट्रक आधी त्यांना बाजूला ढकलत आणि मग आत ओढून घेत. ट्रक किती हवा ढवळतो याची ही अनुभूती १९७० च्या दशकातील प्रयोगांना कारण झाली. एका व्हॅनवर सपाट पत्र्यांची चौकोनी पेटी बसवण्यात आली आणि मग तिच्या कडा टप्प्याटप्प्याने गोल करण्यात आल्या. आडव्या-उभ्या सगळ्या कडा गोल केल्यावर हवेचा विरोध निम्म्याहून अधिक घटला. मालवाहू ट्रकांच्या उद्योगाने हा धडा उचलला. ट्रॅव्हल ट्रेलर मात्र अजून बऱ्याच अंशी पेटीच आहे, कारण विकत घेणारा माणूस आत शिरून पलंग, ओटा आणि कपाटे पाहतो आणि पेटीच्या आकारात ती सर्वांत सोयीने बसतात. पुढचे तोंड थोडे वळवले तरी मागची भिंत सपाट कापलेली राहते, आणि तिच्यामागे तयार होणारा कमी दाबाचा पट्टा ट्रेलरला सतत मागे खेचत राहतो. ट्रकच्या टपावर लावायचे वारा वळवणारे फलक बाजारात मिळतात. फलकाची उंची, त्याचा कोन आणि केबिन ते ट्रेलर हे अंतर जुळले तरच त्यांचा उपयोग होतो, म्हणून एका मालकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येईलच असे नाही. फिफ्थ-व्हील प्रकारचा ट्रेलर हौद्यातच जोडला जातो. त्यामुळे मधली फट कमी होते, पण त्याची उंची बहुधा वाढलेली असते. टोकदार नाळेची बोट तेवढ्याच वजनाच्या पेटीपेक्षा पुष्कळ सोपी जाते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने चालकाच्या हातातला सर्वांत मोठा उपाय पायातच असतो. ताशी १०५ वरून ८८ किलोमीटरवर आल्यास हा विरोध सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांसाठी ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर, हीच कमाल मर्यादा आहे. ट्रेलरचे अनेक टायर ताशी १०५ किलोमीटरपर्यंतच प्रमाणित असतात, त्यामुळे इंधनाचा विचार न करणाऱ्यालाही तेथे थांबणे भाग असते. आपल्याकडे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हेच गणित उलट फिरते : ताशी २० किलोमीटरला हवेचा विरोध १०० च्या तुलनेत पंचविसावा हिस्सा उरतो, आणि तेथे डिझेल खातात ते वजन, खड्डे आणि चढ.

वाऱ्याचा परिणाम बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा असतो. कॅन्सस, नेब्रास्का, वायोमिंग या मोकळ्या प्रदेशांत समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल आणि गाडी १०० ने चालली असेल, तर हवेच्या दृष्टीने तिचा वेग १२५ असतो आणि हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. वरील उदाहरणातील ट्रक मग ४.१ ऐवजी २.९ किलोमीटरवर येतो. रस्ता, ट्रक, ट्रेलर आणि चालक तेच असून जाताना आणि येताना ॲव्हरेज वेगळे का आले याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

चढावर मात्र वजन आपला हिशेब पुरता करते. एकूण ५,७०० किलोची जोडी सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ८० किलोमीटरने न्यायची तर केवळ चढासाठी सुमारे ७५ किलोवॅट शक्ती अधिक लागते. ही ऊर्जा उतारावर परत मिळते का, हे उताराच्या तीव्रतेवर आहे. याच वेगाला या जोडीचा हवा आणि टायरांचा मिळून विरोध सुमारे १,६०० न्यूटन भरतो, आणि साधारण तीन टक्क्यांच्या उतारावर वजनाची ओढ तेवढीच असते. तेथपर्यंत चढावर घातलेले बरेचसे उतारावर वसूल होते. त्याहून तीव्र उतारावर जास्तीची ऊर्जा इंजिनाचा रोध आणि ब्रेक यांतून उष्णता होऊन जाते. कोलोरॅडोतील आंतरराज्य महामार्ग ७० वरचा, १९७३ मध्ये खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर असून त्याच्याकडे जाणारे चढ सात टक्क्यांपर्यंत आहेत. त्या उंचीवर हवेची घनता जवळपास ३० टक्क्यांनी कमी असल्याने टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्तीही त्याच प्रमाणात उतरते. तीच विरळ हवा गाडीला विरोधही कमी करते, ही चढताना कोणाच्या लक्षात न येणारी सवलत होय.

इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते : ओझे ओढताना पेट्रोल इंजिन बहुधा अधिक कार्यक्षमतेने चालते. हलक्या भारावर अर्धवट बंद असलेल्या झडपेतून हवा ओढण्यात त्याची शक्ती वाया जाते. भार वाढला की झडप उघडते आणि हा अपव्यय घटतो. म्हणूनच विरोध अडीचपट होऊनही इंधन तेवढ्या पटीने वाढत नाही. ही सवलत एका मर्यादेपर्यंतच टिकते. छोट्या टर्बो इंजिनांत भार फार वाढला की बाहेर पडणारे वायू थंड ठेवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडले जाते. फोर्डच्या २०११ च्या एफ-१५० या पिकअपपासून मिळू लागलेल्या इकोबूस्ट या टर्बो इंजिनाविषयी ‘इको (बचत) घ्या किंवा बूस्ट (जोर) घ्या’ ही मालकांतली कोटी त्यातूनच आलेली आहे. डिझेलला हवा अडवणारी अशी झडप फारशी लागत नाही, त्याचे संपीडन अधिक असते आणि लिटरमागे ऊर्जाही दहा-बारा टक्क्यांनी जास्त असते. १९८९ पासून डॉज ट्रकमध्ये कमिन्सचे डिझेल इंजिन आले तेव्हापासून जड ट्रेलरवाल्यांचा ओढा तिकडे राहिला आहे. वरच्याच उदाहरणात ३३ टक्के कार्यक्षमता धरली तर डिझेल ट्रक लिटरला सुमारे साडेपाच किलोमीटर देतो. मात्र अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते, ट्रकची किंमतही जास्त असते, आणि अलीकडच्या ट्रकांत धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा खर्च वेगळा. वर्षातून दोनदा ट्रेलर काढणाऱ्याला हा सौदा क्वचितच परवडतो.

अधिकृत माहितीची बाजू लंगडी आहे. ट्रक किती ओढू शकतो हे ठरवण्यासाठी वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचे जे-२८०७ हे प्रमाण आहे, आणि त्यातील चढाची परीक्षा ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या घाटावर बेतलेली आहे : किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान, वातानुकूलन पूर्ण जोरात आणि सामान्य पिकअपने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचे नाही. ओढताना तो किती इंधन पितो याचा आकडा मात्र नव्या गाडीच्या काचेवर कोठेच नसतो. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ॲव्हरेजचे आकडे ट्रेलरविना असतात. आणि भारासह ८,५०० पौंडांहून (सुमारे ३,८५६ किलो) अधिक वजनासाठी प्रमाणित पिकअपांना, म्हणजे ओढण्यासाठीच घेतल्या जाणाऱ्या जड ट्रकांना, असे लेबल लावणेच बंधनकारक नाही. त्यामुळे मालकाने स्वतः ठेवलेली नोंद हाच आधार उरतो. टाकी काठोकाठ भरायची, अंतराची नोंद घ्यायची, पुढच्या वेळी पुन्हा तेवढीच भरायची आणि भागाकार करायचा, ही जुनी रीत डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा विश्वासार्ह ठरते. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर अंतराचा आकडाही दुरुस्त करून घ्यावा लागतो.

किलोमीटर प्रति लिटर या मापातही एक फसगत दडलेली आहे. ॲव्हरेज ८.५ वरून ७.६५ वर आले तर हजार किलोमीटरमागे सुमारे १३ लिटर जास्त लागतात, ४.२५ वरून ३.४ वर आले, म्हणजे तेवढेच ०.८५ ने घटले, तर ५९ लिटर. ट्रेलर ओढताना दशांशातला फरक खिशाला का जाणवतो ते यावरून कळते. ९८ लिटरची टाकी ४.१ च्या हिशेबाने कागदोपत्री ४०० किलोमीटर जाते, पण ट्रेलरसह वळता येईल असा पंप शोधायचा म्हणजे तीनशेच्या पुढे धोका पत्करू नये.

विजेवरच्या पिकअपांत हाच नियम अधिक उघडा पडतो. १३१ किलोवॅट-तास बॅटरीच्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचा अधिकृत पल्ला ५१५ किलोमीटरपर्यंत आहे. वरच्या ट्रेलरला १०० किलोमीटरमागे चाकांवर ६१ आणि बॅटरीतून सुमारे ७१ किलोवॅट-तास लागतात असे धरले, तर तो १८५ किलोमीटरच्या आसपास येतो. उतारावरची काही ऊर्जा बॅटरीत परत जाते हा अशा ट्रकचा फायदा आहे, परंतु विद्युत मोटर हलक्या भारावरही कार्यक्षमच असल्याने, भार वाढल्यावर पेट्रोल इंजिनाला मिळते तशी सवलत तिला मिळत नाही. शिवाय बहुतेक चार्जिंगच्या जागा गाडी तोंडाने आत घालून उभी करायच्या आहेत. त्यामुळे चालकाला ट्रेलर वाहनतळाच्या कडेला सोडून, चाकांना अडण लावून, ट्रक एकटाच चार्जरपाशी न्यावा लागतो, आणि बॅटरी भरल्यावर साखळ्या, दिव्यांची तार व ब्रेकची जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.