बाटलीचं बूड आणि ‘व्हर्जिन’चा घोळ

रिकामी बाटली उलटी करून बुडाकडे बघा. मधोमध बारीक ठिपका असेल तर ती बहुधा पेटची, म्हणजे पाण्याच्या-सोड्याच्या बाटल्यांच्या पारदर्शक प्लास्टिकची; आधी प्रीफॉर्म, म्हणजे जाड कच्ची नळी, ओतून मग फुगवलेली. आडवी रेघ असेल तर ती बहुधा एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनची. यंत्राच्या तोंडातून, म्हणजे डायमधून, लोंबणाऱ्या गरम नळीवर, म्हणजे पॅरिसनवर, साचा मिटला आणि नळीचं खालचं टोक तिथे चिमटलं गेलं, त्याची ती खूण. खाद्यपेयांच्या ताठ डब्या-बाटल्यांत पुनर्वापरित प्लास्टिक घालायची जी अट आता आली आहे, तिचं ओझं या दोघींवर सारखं नाही.

फुंकून भांडं घडवणं काचेच्या कारागिरांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक होतं. प्लास्टिकला ते यंत्रावर जमलं १९३०च्या दशकाअखेरीस. १९५०च्या दशकात एचडीपीई आलं आणि तेलाच्या, औषधांच्या बाटल्या, कॅन सगळं पॅरिसनवर निघू लागलं. सोड्याच्या गॅसचा दाब मात्र या बाटलीला झेपत नव्हता.

तो पेटने झेपवला. १९४१ साली इंग्लंडमध्ये धाग्यासाठी शोधलेलं हे प्लास्टिक. त्याच्या बाटलीचं अमेरिकी पेटंट १९७३चं. सगळी करामत ताणात आहे. प्रीफॉर्म परीक्षानळीसारखा जाड असतो, गळ्याचे आटे त्यातच पक्के झालेले. तो साधारण १०० अंशांवर तापवून आतून दांडीने लांबीत ताणतात आणि ३०-४० बार हवेने रुंदीत. रेणूंच्या साखळ्या दोन्ही दिशांना ओळीने बसतात आणि पातळ भिंतही दाब धरते. सुरुवातीच्या बाटल्यांचं बूड गोल होतं, म्हणून खाली वेगळा प्लास्टिकचा पेला चिकटवत. पाच पाकळ्यांचं बूड नंतरचं.

यासाठी साखळी लांब हवी, आणि प्लास्टिकच्या दाण्यात ओल राहिली तर पेट वितळताना ती तुटते. वापरलेलं पेट पुन्हा बाटलीत घालायचं तर आधी तासन्‌तास तापवून साखळी वाढवावी लागते. एचडीपीईवाल्याला निदान तीन थरांची पॅरिसन काढून मधल्या थरात जुना माल घालता येतो.

आता ‘व्हर्जिन’. कारखान्यात व्हर्जिन म्हणजे सीलबंद गोणीतला दाणा. बुडाशी आणि खांद्याशी निघालेला फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर दाबलं गेलेलं जादा प्लास्टिक, ग्राइंडरमधून काढून त्याच मशीनच्या हॉपरमध्ये परत टाकतात, तो रीग्राइंड. तो व्हर्जिन नव्हे आणि रीसायकलही नव्हे. पुनर्वापराच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत तो मोजतच नाहीत. मार्च २०१८च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीत पेट बाटलीला सूट देताना ती ‘बिस्फेनॉल-ए विरहित, व्हर्जिन’ मालाची असावी, असं लिहिलं गेलं. पेट बनवताना बिस्फेनॉल-ए लागतच नाही. ते पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पाण्याच्या २० लिटरच्या कडक जारचं. जारची भीती बाटलीच्या माथी मारली गेली. व्हर्जिनची अट मात्र केंद्राच्या २०११ आणि २०१६च्या नियमांना धरूनच होती: खाद्यपेयांना पुनर्वापरित प्लास्टिक लावायचंच नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने हे दार उघडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुनर्वापरित मालाची टक्केवारीही ठरली: २०२५-२६ला ३०, मग दरवर्षी १० ने वाढत २०२८-२९ला ६०. जो माल घालणं काल नियमबाह्य होतं, तो न घालणं आज नियमबाह्य. दिशा बरोबर आहे, पण तयार प्रीफॉर्म विकत घेऊन एका वेळी दोन बाटल्यांच्या मशीनवर फुगवणाऱ्या छोट्या पाणीवाल्याच्या हाती दाणा कधी येतच नाही.

भंगारवाल्याकडे गेलेल्या पेट बाटलीचे आजवर बहुतेक फ्लेक्स, म्हणजे बारीक तुकडे, झाले आणि फ्लेक्सचा धागा, उशा-गाद्यांत भरायचा. धाग्याला आखूड साखळी चालते, बाटलीला चालत नाही. आता तेच फ्लेक्स दोघांनाही हवे आहेत.